श्यामची आई गेल्यावर भावंडांचे काय झाले?

‘श्यामची आई’ हे नाव ऐकले नाही असा मराठी शिकलेला माणूस विरळाच. आपल्या मुस्लिम घरांतही हे पुस्तक आले आहे, पण बहुतेक वेळा पाठ्यपुस्तकातल्या एखाद्या धड्यापुरते. मराठी शाळेत शिकलेल्यांना तो एक धडा आठवतो, उर्दू शाळेत शिकलेल्यांना फक्त नाव. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पुस्तक वाचलेली घरे आमच्या आसपास हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी निघाली. म्हणून मागच्या हिवाळ्यात आसनगावात आम्ही तिघी शिक्षिकांनी ठरवले की हे पुस्तक मोठ्याने आणि सर्वांनी मिळून वाचायचे. शनिवार-रविवार अस्रच्या नमाजनंतर एका घराच्या ओसरीवर बसायचे. मुली, मुले, त्यांच्या अम्मी, दाद्या, नान्या, ज्याला जमेल त्याने यायचे. कधी बारा माणसे असत, कधी पंचवीस. वाचन मराठीत होई आणि अडलेला शब्द उर्दूत समजावला जाई.

मोठ्याने वाचण्याला कारण होते. हे पुस्तक मुळात सांगितलेलेच आहे. आश्रमात रात्रीची प्रार्थना झाल्यावर श्याम आपल्या मित्रांना आईच्या आठवणी सांगतो, म्हणून यात प्रकरणे नाहीत, ‘रात्री’ आहेत. अशा बेचाळीस रात्री. साने गुरुजींनी त्यातला बराचसा भाग फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहून काढला आणि १९३५ साली पुस्तक छापले गेले. गुरुजी १९५० साली गेले. त्यानंतर साठ वर्षांनी लेखनावरचा हक्क सर्वांसाठी खुला झाला, त्यामुळे आता अनेक प्रकाशकांच्या स्वस्त आवृत्त्या मिळतात. आमच्याकडे चार वेगवेगळ्या मुखपृष्ठांच्या सहा प्रती जमल्या. तेवढ्यात काम भागले.

या लेखात पुस्तकाचे परीक्षण नाही. आमच्या माणसांनी हे पुस्तक कसे ऐकले, कुठे हसली, कुठे भांडली आणि शेवटी एका मुलीच्या प्रश्नापाशी येऊन सगळी का थांबली, ते वाचकांपुढे ठेवायचे आहे.

‘हे आपले पुस्तक आहे का?’

पहिला आक्षेप पहिल्याच आठवड्यात आला. एका बुजुर्गांनी विचारले, “यात व्रते आहेत, सोवळे आहे, देवपूजा आहे. आपल्या मुलांना हे कशाला?” प्रश्न रागाने विचारला नव्हता, काळजीने विचारला होता. त्याला उत्तर देणे गरजेचे होते.

उत्तर दिले एका निवृत्त गृहस्थांनी. याच साने गुरुजींनी ‘इस्लामी संस्कृती’ नावाचे पुस्तक लिहिले आहे, त्यात प्रेषित मुहम्मद (स.) यांचे जीवन मराठी वाचकांना आदराने समजावून सांगितले आहे, हे त्यांनी सर्वांना सांगितले. “त्यांनी आपले घर समजून घेतले. आपण त्यांचे घर समजून घेतले तर काय बिघडले?” असे ते म्हणाले. बुजुर्ग काही बोलले नाहीत, पण पुढच्या शनिवारी नातवाला घेऊन आले आणि शेवटपर्यंत येत राहिले. ज्या रात्री आपल्या नव्हत्या त्या आम्ही शेजारच्याच्या घरात बसून ऐकाव्यात तशा ऐकल्या. अदब राखून, आणि आपला दीन आपल्या जागी ठेवून.

खरे तर परकेपणा फार टिकला नाही. श्यामचे पालगड कोकणातले आहे आणि आमच्या कित्येक घरांचे मूळही कोकणातच आहे. एका दादींना पावसाळ्यातली वाट, भरलेला पऱ्ह्या, पेज, माडाची सावली यातले काहीच समजावून सांगावे लागले नाही. उलट मुंबईकडे जाणाऱ्या लोकलच्या वेळापत्रकावर वाढलेल्या मुलांना त्याच समजावू लागल्या.

हसू, वाद आणि कर्ज

बिनमिठाच्या भाजीची रात्र आली तेव्हा ओसरीवर सर्वांत जास्त हसू झाले. श्यामची आई भाजीत मीठ घालायला विसरते आणि वडील एक शब्द न बोलता जेवून उठतात. आई स्वतः जेवायला बसते तेव्हा तिला कळते. एक बाई म्हणाल्या, “आमच्याकडे ताट सरकवले असते आणि वर शेजारच्या घरापर्यंत आवाज गेला असता.” दुसऱ्या म्हणाल्या, “ही रात्र घरी नेऊन वाचते.” त्यांनी खरेच नेली. पुढच्या आठवड्यात विचारले तेव्हा त्या फक्त हसल्या.

पोहण्याच्या रात्रीवर मुलांमध्ये भांडण जुंपले. पाण्याला भिऊन लपून बसलेल्या श्यामला आई शिपटीने मारून पोहायला पाठवते. सहावीतला एक मुलगा उठून म्हणाला, “मारून पाठवणारी आई चांगली कशी?” दुसरा म्हणाला, “मग तो कधी शिकलाच नसता.” भातसा नदीकाठच्या गावातून येणाऱ्या एका मुलाने दोघांनाही थांबवले. “आमच्याकडे पोहायला यावेच लागते, आणि शिकवायला मोठा भाऊ असतो, आई नसते.” आम्ही कोणाच्या बाजूने निकाल दिला नाही. पण आयांमध्ये त्या दिवशी चर्चा झाली ती मारण्याची नव्हती. मूल भित्रे राहिले तर त्याची लाज कोणाला वाटते आणि ती वाटावी का, अशी होती.

मुलींचा आक्षेप सर्वांत धारदार होता. नववीतली एक मुलगी म्हणाली, “श्याम आईचे पाय चेपतो, तिला कामात मदत करतो, म्हणून त्याच्यावर पुस्तक झाले. आम्ही रोज करतो, त्याचे कोणी एक पानसुद्धा लिहीत नाही.” सगळ्या बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. श्यामच्या बहिणीचे लग्न होऊन ती सासरी गेलेली आहे, ती पुस्तकात येते आणि जाते. मुलींना ती जास्त वेळ हवी होती. हा आक्षेप आम्हाला मान्य आहे. पण त्याला एक दुसरी बाजूही आहे, आणि तीही एका मुलीनेच सांगितली: “मुलाने घरकाम करावे असे सांगणारे हेच एक पुस्तक माझ्या भावाने ऐकले आहे. त्याला अजून दोनदा ऐकवा.”

मोठ्या बायांना मात्र सर्वांत जवळच्या वाटल्या त्या कर्जाच्या रात्री. सावकाराचा माणूस दारात येऊन नको ते बोलतो. हे वाचताना ओसरी गप्प झाली. कोणी नाव घेतले नाही, पण आठवड्याच्या हप्त्यासाठी दारात उभा राहणारा वसुलीचा माणूस आज किती घरांना ओळखीचा आहे हे सर्वांना माहीत आहे. एक नानी एवढेच म्हणाल्या, “नव्वद वर्षे झाली, दार तेच आहे.”

आणि मग तो प्रश्न आला

शेवटच्या रात्री आम्ही दोन बैठकांत वाचल्या. आईचे आजारपण, ती मुलांना ‘सारी प्रेमाने नांदा’ म्हणून सांगते तो भाग, दूर शिकायला गेलेल्या श्यामची तिच्याशी शेवटची भेट न होणे. वाचणारीचा आवाज दोनदा अडकला. बाया ओढणीने डोळे पुसत होत्या. आचार्य अत्र्यांनी १९५३ साली या पुस्तकावर काढलेल्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले, तो पाहून महाराष्ट्र कसा रडला होता हे एका दादींनी सांगितले. पुस्तक मिटले. चहा आला.

तेव्हा कोपऱ्यात बसलेल्या आठवीतल्या मुलीने विचारले, “टीचर, पुढे त्या भावंडांचे काय झाले?”

कोणीतरी म्हणाले, “बेटा, पुस्तक संपले.” ती म्हणाली, “आई संपली. भावंडे कुठे संपली?”

त्या मुलीची ओळख पटू नये म्हणून इथे तिच्याविषयी मोजकेच आणि थोडे बदलून सांगतो. तिचे आई-वडील दोघेही गेले आहेत. ती नानीकडे आसनगावात राहते. मोठा भाऊ भिवंडीला चाचांकडे आहे, शाळा सोडून कामाला लागला आहे. सर्वांत धाकटा मुरबाडकडे फुफीच्या घरी आहे. तीन भावंडे, तीन गावे. तिघांनाही पोटभर जेवण मिळते, कोणी मारत नाही. पण तिघे एकत्र भेटतात ते ईदला, आणि गेल्या ईदला तेही जमले नव्हते.

तिच्या जवळच्या प्रतीत एका रात्रीची पाने दुमडलेली होती. दापोलीला शिकणारा श्याम खाऊचे पैसे साठवतो, त्यातून धाकट्या भावासाठी कोट शिवून घेतो आणि भर पावसात पायी घरी येतो, ती रात्र. बाकी सर्वांनी पुस्तकात आई वाचली होती. या मुलीने भाऊ वाचला होता.

पुस्तकाबाहेरचे उत्तर

तिच्या प्रश्नाला खरे उत्तर आहे, आणि ते आम्ही पुढच्या बैठकीत दिले. श्याम म्हणजे स्वतः पांडुरंग सदाशिव साने. त्यांच्या आई यशोदाबाई १९१७ साली वारल्या तेव्हा ते अजून शाळेत होते. ‘श्याम’, ‘धडपडणारा श्याम’ आणि ‘श्यामचा जीवनविकास’ या पुस्तकांतून त्यांनी आपल्या शिक्षणाच्या वर्षांची हकीकत लिहून ठेवली आहे. उपाशी राहून शिकणे, दुसऱ्याच्या घरी राहणे, मित्रांचा आधार, हे सगळे त्यात आहे. पुढे ते एम. ए. झाले आणि १९२४ साली अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले. तिथल्या वसतिगृहाचे काम त्यांच्याकडे आले. घर सोडून आलेल्या त्या मुलांसाठी ते रोज हाताने लिहून ‘छात्रालय’ नावाचे दैनिक काढत. आईने जे त्यांना दिले ते त्यांनी दुसऱ्यांच्या मुलांना दिले.

आणि भावंडे? त्यांचे नाते तुटले नाही. गुरुजींनी लग्न केले नाही, पण आपल्या पुतणीला, सुधाला, त्यांनी जी पत्रे लिहिली ती ‘सुंदर पत्रे’ या नावाने प्रसिद्ध आहेत. भावाच्या लेकीला काका फुलांविषयी, पाखरांविषयी, देशाविषयी लिहितो आहे. म्हणजे आईने सांगितलेले ‘प्रेमाने नांदा’ पुढच्या पिढीपर्यंत पोहोचले होते.

हे ऐकून त्या मुलीचा चेहरा खुलला, पण तिने पुढचा प्रश्न विचारलाच. “पण त्यांचे वडील तरी होते. दोघेही नसतील तर?”

उर्दूत ‘यतीम-यसीर’ असा जोडशब्द आहे. बाप गेलेला तो यतीम, आई गेलेला तो यसीर. श्याम यसीर होता. ही मुलगी दोन्ही आहे. तेव्हा आमच्यातल्या एकीने तिला अमेरिकेतल्या एका कादंबरीची गोष्ट मराठीत तोंडी सांगितली.

तीन भाऊ, एक घर

त्या कादंबरीचे नाव ‘द आउटसायडर्स’. लिहिणारी एस. ई. हिंटन ही ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा शहरातली मुलगी होती. लिहायला घेतली तेव्हा ती शाळेत होती आणि १९६७ साली पुस्तक आले तेव्हा अवघी अठरा वर्षांची. गोष्ट तीन भावांची आहे. आई-वडील अपघातात गेलेले. मोठा वीस वर्षांचा, मधला सोळाचा, धाकटा चौदाचा. तिघांनी नीट राहिले तरच सरकार त्यांना एकत्र राहू देणार, नाहीतर धाकट्यांना उचलून दुसरीकडे ठेवणार. म्हणून मोठा पुढचे शिक्षण सोडून अंगमेहनतीचे काम करतो आणि घर सांभाळतो. मधलाही शाळा सोडून पेट्रोल पंपावर लागतो. धाकट्याने मात्र शिकावे म्हणून मोठा त्याच्यावर सतत ओरडतो. एके रात्री हात उचलतो आणि धाकटा घर सोडून पळतो. तिथून सगळे अनर्थ घडतात. शेवटी धाकट्याला कळते की भाऊ ओरडतो तो तिरस्काराने नाही. आई-वडील गेले, आता आणखी कोणी जाईल या भीतीने तो ओरडतो.

या पुस्तकाच्या वाचकांची हकीकतही सांगण्यासारखी आहे. १९८० साली कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहराजवळच्या लोन स्टार शाळेतल्या मुलांना ते इतके आवडले की त्यांनी आणि त्यांच्या ग्रंथपाल बाईंनी मिळून फ्रान्सिस फोर्ड कोपोला या नावाजलेल्या दिग्दर्शकाला पत्र पाठवले, मुलांच्या सह्यांसकट, की यावर तुम्ही चित्रपट काढा. त्याने काढला, १९८३ साली. काही शाळांनी मात्र हेच पुस्तक मारामाऱ्या, सिगारेट, दारू आहे म्हणून बाजूला ठेवले. दोन्ही प्रतिक्रिया समजण्यासारख्या आहेत. आम्हीही गोष्ट सांगताना तो भाग आखडता घेतला.

आमच्या ओसरीवरची प्रतिक्रिया मात्र मोठ्या भावावर आली. मुले म्हणाली, फार कडक आहे. एक अम्मी म्हणाल्या, वीस वर्षांच्या पोराकडून आणखी काय अपेक्षा करायची? आणि आमची आठवीतली मुलगी म्हणाली, “माझा भाऊ फोनवर नेहमी ओरडतो. अभ्यास केला का, नमाज पढलीस का. मला वाटायचे त्याला माझा राग येतो.” एवढे बोलून ती थांबली. तिच्या शेजारी बसलेल्या नानींनी तिचा हात धरला.

पुस्तके कशासाठी वाचायची, असा प्रश्न पालक आम्हाला नेहमी विचारतात. त्याला याहून चांगले उत्तर आमच्याजवळ नाही.

दया नको, हिशेब हवा

त्या दिवसानंतर बैठक पुस्तकाची राहिली नाही, यतीम मुलांची झाली. आणि तिथे आपल्याजवळ सांगण्यासारखे खूप आहे.

आपल्या प्रेषितांचे (स.) वडील त्यांच्या जन्माआधीच गेले. सहाव्या वर्षी मक्केकडे परतताना अबवा येथे आई हजरत आमिना गेल्या आणि उम्मे ऐमन यांनी त्या लहानग्याला मक्केला आणले. आठव्या वर्षी आजोबा गेले. मग चाचा अबू तालिब यांनी वाढवले, आणि त्यांची स्वतःची मुले पुष्कळ होती, हात तंग होता. तरीही भाच्या-पुतण्यांना ‘परवडत नाही’ म्हणणाऱ्यांत ते नव्हते. दूधबहीण शैमा हिची हकीकत तर प्रत्येक भावाने ऐकावी. हुनैनच्या लढाईनंतर ती पकडलेल्या लोकांत होती. ओळख पटताच प्रेषितांनी (स.) आपली चादर तिच्यासाठी अंथरली आणि तिला सन्मानाने बसवले. एवढ्या वर्षांनंतर, आणि तीही सख्खी बहीण नव्हे.

पण कुरआन यतीमाविषयी बोलतो तेव्हा तो फक्त मायेने वागा असे सांगून थांबत नाही. सूरह निसाच्या सुरुवातीच्याच आयतींत त्यांच्या मालाचा विषय येतो. त्यांचा माल आपल्या मालात मिसळून खाऊ नका, चांगल्याच्या जागी वाईट ठेवू नका, त्यांना पारखत राहा, आणि ते वयात आले व त्यांच्यात समज दिसली की त्यांचे त्यांना परत द्या. आणि देताना साक्षीदार ठेवा. ‘वयात येणे’ ही कादंबऱ्यांची आवडती गोष्ट आहे. आपल्याकडे ती पालकाच्या हिशेबाचीही तारीख आहे.

शहापूर-मुरबाडच्या घरांना हा हिशेब कोरडा वाटू नये. समृद्धी महामार्गासाठी आणि इतर कामांसाठी इथल्या जमिनी गेल्या, पैसा आला, जमिनीचे भाव वाढले. अशा वेळी यतीमाचा वाटा सर्वांत आधी विसरला जातो, आणि विसरणारे वाईटच असतात असे नाही. म्हणून बैठकीत ज्या गोष्टी ठरल्या त्या वाचकांसाठी लिहून ठेवतो.

पहिली गोष्ट सातबाऱ्याची. अज्ञान वारसाचे नाव सातबाऱ्यावर लागते तेव्हा पुढे ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता असे लिहून सांभाळणाऱ्याचे नाव येते. जमीन त्या मुलाची आहे, पालनकर्त्याची नाही. मुलगा किंवा मुलगी अठरा वर्षांची झाली की वयाचा दाखला जोडून तलाठ्याकडे अर्ज करावा आणि तो शेरा कमी करून घ्यावा. मुलीचे नाव वारसांत लागले आहे ना, हे आधी पाहावे. चाचा, मामा किंवा आई यांना अज्ञान मुलाची जमीन परस्पर विकता येत नाही. १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली न्यायालयाने पालक नेमावा लागतो आणि विक्रीला न्यायालयाची परवानगी लागते.

दुसरी गोष्ट आजोबांची. बाप आजोबांच्या आधी गेला आणि चाचा हयात असले, तर आजोबांच्या वारशात त्या नातवंडांना वाटा येत नाही. यावर उपाय आजोबांच्याच हातात आहे. हयातीत हिबा करावा किंवा मालमत्तेच्या एक तृतीयांशापर्यंत वसीयत करावी. शरीयतने ठेवलेले हे दार उघडायला वेळ लागत नाही, फक्त ते आजोबा चालते-बोलते असतानाच उघडावे लागते. हे ऐकून पहिल्या आठवड्यात आक्षेप घेणारे ते बुजुर्ग बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “वकील शहापूरला बसतो ना?”

तिसरी गोष्ट सरकारी मदतीची. महाराष्ट्र शासनाची बालसंगोपन योजना आहे, आता ती क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांच्या नावाने चालते. अनाथ किंवा एक पालक असलेल्या अठरा वर्षांखालील मुलाला, नातेवाइकांच्या घरी राहूनच, दरमहा २,२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयाकडे करायचा, आदेश बाल कल्याण समिती देते. मुलाला संस्थेत पाठवावे लागत नाही. अडचणीत असलेल्या मुलासाठी १०९८ हा मोफत दूरध्वनी आहे. आई-वडिलांचे मृत्यूचे दाखले, मुलाचा जन्मदाखला, आधार, शाळेचा दाखला, रेशनकार्ड, बँकेचे खाते ही कागदपत्रे एका पिशवीत तयार ठेवावीत. कागद नसले की हक्क असूनही मिळत नाही, हा शाळेत बसून आम्ही रोज पाहतो तो अनुभव आहे.

चौथी गोष्ट कोणत्याच कागदावर नाही. भावंडांना वेगळे करू नका. आणि वेगळे करावेच लागले, तर त्यांच्या भेटीचा दिवस ठरवून टाका, जसा शाळेच्या फीचा दिवस ठरलेला असतो.

चाचांचे म्हणणे

हे सगळे वाचून कोणाला वाटेल की त्या मुलीच्या नातेवाइकांनी काही वाईट केले. म्हणून शेवटच्या बैठकीला भिवंडीहून तिचे चाचा आले होते त्यांचे म्हणणेही सांगितले पाहिजे. ते यंत्रमागावर काम करतात, एका खोलीत सहा माणसे राहतात. ते म्हणाले, “जनाजा झाला त्या रात्री आम्ही बसलो. तिघांना एकाने ठेवावे एवढे कोणाकडेच नव्हते. म्हणून वाटून घेतले. आम्ही तोंडे मोजली टीचर, भावंडे मोजायचे कोणाला सुचले नाही.”

त्यांच्या बोलण्यात बनाव नव्हता. गरिबीत निर्णय असेच होतात. आईच्या मांडीवरून उठलेली तीन मुले तीन दिशांना जातात आणि सर्वांना वाटते की आपण जबाबदारी उचलली. ती उचललेली असतेच. पण मुलाला जेवणाइतकीच त्याची आठवण वाटून घेणारे कोणी लागते. अम्मी कशी हाक मारायची, अब्बांचा डबा कोण भरायचे, हे फक्त भावंडालाच माहीत असते. भावंड दूर गेले की आई-वडील दुसऱ्यांदा जातात.

चाचा, नानी आणि फुफी यांनी आपसांत काय ठरवले तेवढे सांगतो. धाकटा जूनपासून आसनगावच्या शाळेत येईल आणि नानीकडे बहिणीसोबत राहील. त्याचा आणि तिचा बालसंगोपनाचा अर्ज भरला आहे, मंजुरी यायची आहे. फुफी दर महिन्याला तांदूळ पाठवणार आहेत. मोठा भिवंडीतच राहील, कारण त्याचे काम तिथे आहे, पण दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तो आसनगावला येईल आणि बाहेरून दहावीला बसायचे त्याने कबूल केले आहे. सगळे सुटले असे नाही. नानींचे वय झाले आहे, आणि त्यांच्यानंतर काय, हा प्रश्न तसाच उभा आहे.

‘श्यामची आई’ वाचून रडणे सोपे आहे, तीन पिढ्या रडल्या आहेत, आणि ते अश्रू खोटे नव्हते. पण आपल्या मोहल्ल्यात, आपल्या खानदानात, या घडीला कुठली भावंडे वेगवेगळ्या गावी झोपली आहेत, हे मोजायला रडावे लागत नाही. एक कागद आणि एक पेन्सिल पुरते. मुलांची नावे लिहा, त्यांच्यापुढे गावांची नावे लिहा. दोन नावांपुढे दोन वेगळी गावे आली, तर येत्या ईदची वाट पाहू नका.